चाक रुतत नाही अशी जमीन

पाणी उतरल्यावर गल्लीत सगळ्यात आधी रोलर शिरला. पायात रबरी बूट, खांद्यावर फावडं. मास्तरच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर येऊन अडलं. तो वाकून आत गेला आणि तसाच वाकलेला राहिला.

दोन्ही शिलाई मशीनं पायडलपर्यंत गाळात रुतली होती. कापडाचे गठ्ठे फुगून फळीवरून खाली आले होते. शिवून तयार झालेले कपडे दांडीला टांगलेले होते. शर्ट, झगे, शाळेचे गणवेश. सगळे एकाच मातकट रंगाचे. प्रत्येकाला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी टाचलेली होती. चिठ्ठीवर नाव राहिलं नव्हतं.

"बघ," मागून मास्तर म्हणाला. "नदीनं सगळ्या गावाला एका मापात बसवलं. मला उभ्या जन्मात जमलं नाही."

मास्तर म्हणजे कपडे शिवणारा. रोलर आणि तो शाळेत एका बाकावर बसले, एकाच वर्षी नापास झाले आणि एकाच दिवशी शाळा सोडली. मास्तरने लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर सांगायचा, बायको रुसली की माहेरी जाते, मशीन जात नाही. आयुष्यभर रोलर त्याच्या विनोदांना हसत आला होता. त्यातले बरेच कळायच्या आधीच. त्या दिवशी मात्र त्याने फावडं गाळात घातलं आणि मान वर केली नाही.

"बोल की लेका. दुकान माझं बुडालंय, चेहरा तुझा पडलाय."

"बोलायचं काय. आधी गाळ काढू."

"काढ. तुझा धंदाच तो. फक्त टाकायचा कुठं, ते आधी विचारून घे."

मास्तर सहज बोलल्यासारखा बोलला. तोंडात टाचण्या असल्यासारखं ओठांच्या कोपऱ्यातून. रोलरचं फावडं क्षणभर थांबलं, मग पुन्हा चालू लागलं.

रोलर हे काही त्याचं नाव नव्हे. तो डंपर चालवायचा. भरावाच्या कामावर इतर ड्रायव्हर माल ओतायचे आणि निघून जायचे. हा तसं करत नसे. खेप ओतण्याआधी भरलेला डंपर तो आधीच्या भरावावरून पुढे-मागे फिरवायचा, चाकाखालची माती दगडासारखी होईपर्यंत. असं कर म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. पोकळ काम त्याला आवडत नसे, एवढंच. ठेकेदार म्हणायचा, हा आहे तोवर मला रोलर भाड्याने आणायला नको. नाव पडलं ते पडलंच. पुढे बायकोही शेजारणींशी बोलताना 'आमचे रोलर' म्हणू लागली.

जमिनीची पारख तो एकाच गोष्टीवरून करायचा. चाक रुततं की नाही. रुतलं तर वाईट जमीन, नाही रुतलं तर चांगली. या एका कसोटीवर त्याने नोकरी काढली आणि ती कधी खोटी ठरली नाही. म्हणूनच त्याला दुसरी कसोटी लावायचं सुचलं नाही.

गल्लीच्या पुढून नदी जाते. मागून एके काळी फाटा जायचा. गावाच्या वरच्या अंगाला नदीतून एक पदर सुटायचा, गल्लीच्या पाठीमागून फिरायचा आणि खाली जाऊन पुन्हा नदीला मिळायचा. मधल्या उंचवट्यावर गल्ली. जुन्या माणसांनी जागा हेरून घरं बांधली होती. वर्षातले बरेच महिने फाट्यात टिपूस नसायचा. म्हणून त्याला म्हणायचेच कोरडा फाटा. नदी भरली की तो वाहता व्हायचा. मग गल्लीच्या दोन्ही अंगांनी पाणी आणि मधे घरं कोरडी ठणठणीत. रोलर आणि मास्तर पोरवयात मागच्या पायरीवर बसून फळ्या सोडायचे आणि कोणाची आधी वळण घेते यावर पैजा लावायचे. एका पुरात फाट्यावरचा लाकडी साकव गेला. एकदा कोणाचं तरी अख्खं छप्पर तरंगत आलं, वर एक कोंबडा बसलेला, मालकासारखा. पण गल्लीत पाणी शिरल्याचं कोणाच्या आजोबांनीही पाहिलं नव्हतं.

मग गाव वाढलं. फाट्यात कचरा पडू लागला. उन्हाळ्यात वास, पावसाळ्यात डास. त्याच सुमारास गावातला मोठा रस्ता रुंद करायला काढला. घरांचे पुढचे भाग पाडले गेले. पाडलेलं सामान डोंगरापलीकडच्या बंद खाणीत टाकायचं ठरलं होतं. खाण लांब, चढ अवघड. एके दिवशी ठेकेदार म्हणाला, "खाणीचं नाव घेऊ नका. गल्लीमागच्या घाणीत टाका. लोक दुवा देतील."

लोकांनी खरंच दिला. डंपर आला की बायका खिडकीतून हाका मारायच्या, इकडे टाक, अजून खड्डा राहिलाय. चहा यायचा. रोलरला वाटायचं, आजवर आपण नुसतं ओझं वाहिलं, आता कुठं चार माणसांच्या उपयोगी पडतोय. विटांचे तुकडे, मोडक्या चौकटी, कोणाच्या तरी स्वयंपाकघराचा निळा गिलावा. त्याने सगळं ओतलं आणि सगळं दाबलं. फाटा बुजला तेव्हा वरून मुरूम पसरला. भराव गल्लीपेक्षा उंच झाला. चाक रुतलं नाही.

पुढे तिथं इमारती उभ्या राहिल्या. लेक आणि जावई तळमजल्यावरचं घर बघायला गेले तेव्हा रोलर बरोबर होता. जावई म्हणाला, नदी जवळ आहे, जरा धाकधूक वाटते. रोलरने अंगणात टाच आपटली. "ही जमीन मी भरलीय. घर पडेल, जमीन हलणार नाही." जावयाने आणखी विचारलं नाही.

या पुरात जमीन हलली नाही. पाणी फाट्याच्या जुन्या तोंडाशी आलं, भरावाला थडकलं, मागे वळलं आणि गल्लीत घुसलं. लेकीच्या उंबऱ्याला ओलसुद्धा लागली नाही.

घरं राहण्याजोगी होईतो मास्तर रोलरकडे राहायला आला. गावाच्या वरच्या बाजूला दोन खोल्या. पुढच्या खोलीतल्या बाकड्यावर मास्तर झोपू लागला. आल्या दिवसापासून त्याने रोलरच्या बायकोची उसवलेली उशी शिवायला घेतली, मग पडदे, मग रोलरच्या जुन्या पँटी.

"भावोजी, आंघोळीला जाता ना? पाणी गार होतंय."

"जातो वहिनी. पाण्याची आता भीती गेली. घरी येऊन भेटून गेलंय."

"आणि ह्यांना सांगा काहीतरी. ताटावर बसतात आणि भिंत बघतात."

"भिंत चांगली आहे की. ओल नाही तिला."

रोलर उठला आणि हात धुऊन बाहेर गेला.

लेक आली. ती तपासणी केंद्रात लोकांचं रक्त काढायची. बोलणं झटपट, हात त्याहून झटपट. तिने गल्लीतली दोन कुटुंबं आपल्या घरात ठेवून घेतली होती. येताना ती मास्तरसाठी जावयाचे दोन सदरे घेऊन आली.

"काका, माझ्याकडे का नाही आलात? मागच्या दारातून हाक मारली असती तरी ऐकू आली असती."

"तुझ्या घरात पाय ठेवायला जागा नाही. मला काय दांडीला टांगणार होतीस?"

"टांगलं असतं. निदान कोरडे राहिला असता." ती हसली आणि बापाकडे वळली. "बाबा, आमच्या इमारतीतले लोक तुमचा सत्कार करायचं म्हणतायत. म्हणतात, रोलरनी पाया भरला म्हणून वाचलो."

रोलरने चहाचा कप खाली ठेवला. "काही नको."

"लाजतो," मास्तर म्हणाला. "जुन्या काळचा माणूस आहे."

लेक हसत निघून गेली. मास्तरने सदरा अंगाला लावून बघितला. बाह्या लांब होत्या. तो उलटा करून शिवण उसवायला बसला. रोलर त्याच्या हातांकडे बघत राहिला. ती पोर चालायला लागली तेव्हाचा झगा याच हातांनी शिवला होता. नोकरीचा पहिला डगलाही.

चार दिवसांनी बातमी आली. असा पूर आता वारंवार येणार. पाण्याला जागा हवी. म्हणून गल्ली धोक्याच्या रेषेत घ्यायची आणि रिकामी करायची. लोकांना गावाबाहेर, टेकडीपलीकडे घरं मिळतील. शाळेच्या सभागृहात बैठक होऊन रेषा पक्की होणार होती.

त्याआधी एक इंजिनिअर मुलगी दारोदार फिरत होती. पाणी कुठून आलं, आधी कोणत्या बाजूने, किती वेगाने. ती मास्तरला शोधत रोलरच्या घरी आली. चिखलाचे बूट दाराबाहेर काढले. पायमोजाला भोक होतं. मास्तरची नजर आधी तिथं गेली.

"काका, तुमच्या दुकानात पाणी पुढून आलं की मागून?"

"मागून. मी पुढं वाळूची पोती लावून बसलो होतो. शहाणा माणूस. पाणी मागून येऊन विचारतंय, कोणाची वाट बघता?"

ती हसली, मग गंभीर झाली. रोलर चहा घेऊन आला आणि दाराला टेकून उभा राहिला.

"कशामुळे झालं हे?" त्यानेच विचारलं. विचारल्यावर त्याला वाटलं, विचारायला नको होतं.

"एकच कारण नाहीये, काका," ती म्हणाली. शिकवल्यासारखं नाही, दमलेल्या माणसासारखं. वरच्या डोंगरांवर झाडं राहिली नाहीत, तिने सांगितलं. पूर्वी पाऊस मुरायचा, आठवडाभर झिरपत खाली यायचा. आता पडला तसा घसरतो आणि एका दिवसात येतो. वरच्या गावांनी आपापल्या काठाला भिंती घातल्या. त्यांची घरं वाचली, पण पाणी काही भिंतीने संपत नाही, ते खालच्या गावाकडे ढकललं जातं. धरण भरेपर्यंत पाणी धरून ठेवलं आणि मग एकदम सोडलं. नवा पूल बांधला, त्याच्या खांबांत ओंडके अडकले, पाणी तुंबलं. नदीत गाळ साचून तळ वर आलाय तो वेगळाच.

रोलर ऐकत होता. एकेक कारण आलं की त्याच्या पाठीवरून काहीतरी उतरायचं. डोंगर त्याने बोडका केला नव्हता. धरणाचे दरवाजे त्याच्या हातात नव्हते. पूल त्याने बांधला नव्हता. आणखी सांग, असं त्याला वाटत होतं. आणखी पुष्कळ असू देत.

"पण एक गोष्ट बसत नाही," ती म्हणाली. "एवढं सगळं धरूनही गल्ली बुडायला नको होती. उंचावर आहे. जुन्या नकाशात गल्लीमागे पाणी दाखवलंय. आता तिथं इमारती आहेत. कार्यालयातले म्हणतात, तो फाटा आपोआप आटला. आपोआप आटला असेल तर माझं बोलणं खुंटलं. ती जमीन नैसर्गिक धरायची आणि गल्ली उठवायची. पण कोणी भरला असेल तर भरलेलं मोकळं करावं लागेल. मग गल्लीला हात लावायचं कारण उरत नाही. गल्लीत विचारलं की लोक विषय बदलतात. तुम्ही तर जन्मापासून तिथं आहात. होता का फाटा? भरला का कोणी?"

रोलरच्या हातात रिकामा ट्रे होता. त्याने तो छातीशी धरला.

मास्तरने सदऱ्याचा दोरा दाताने तोडला. "फाटा कसला, मॅडम. डबकं होतं. सुकलं आपोआप. आमच्या लहानपणापासून तिथं मैदानच."

"नक्की?"

"माझं घर जातंय तिथलं. खोटं बोलून मला काय मिळणार?"

तिने रोलरकडे बघितलं. "तुम्हाला काही आठवतं?"

त्याने मान हलवली. ती हो होती की नाही, त्यालाच कळलं नाही. तिने नाही समजलं, बूट घातले आणि गेली.

मास्तरने सुईत नवा दोरा ओवला.

"असं का सांगितलंस?" रोलरने विचारलं.

"कसं?"

"मास्तर."

"अरे, डबकंच होतं."

"तुझं घर जाईल."

"माझं काय आहे? दोन मशीनं आणि एक मी. टेकडीपलीकडेही लोकांच्या पँटी फाटतातच." त्याने सदरा झटकला. "पोरीचं घर नुकतं लागलंय. अजून हप्ते चालू आहेत. तिला बाहेर काढू?"

"ते मी बघेन ना."

"काय बघशील? इतक्या वर्षांत बघितलंस का?" मास्तरचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "आणि एकट्यानंच अंगावर घेऊ नकोस. मोठा आलाय. माझ्या खिडकीसमोर खड्डा राहिलाय, तेवढा भर, म्हणून तुझ्यामागे कोण लागलं होतं? मीच. डंपरच्या पायरीवर चढून सांगितलं होतं. चहा पाजला होता. विसरलास?"

रोलर विसरला नव्हता. मास्तर विसरला असेल, या आशेवर तो इतके दिवस त्याच्याशी नजर न मिळवता जेवत होता.

स्वयंपाकघरातून बायको दारात आली. तिने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली आणि परत आत गेली.

दुसऱ्या दिवशी तो लेकीकडे गेला. अंगणात ओल्या गाद्या उभ्या करून ठेवलेल्या. एक शेजारी जिन्यावरून म्हणाला, "या रोलरसाहेब, तुमच्या कृपेनं कोरडे आहोत." तो ऐकलं न ऐकल्यासारखं करून आत गेला. घरात गल्लीतली माणसं. भिंतीला टेकून बसलेली म्हातारी, पलंगावर भांड्यांचा ढीग. लेक स्वयंपाकघराच्या ओट्याशी कपड्यांच्या घड्या करत होती.

"मी त्या इंजिनिअर मुलीला सांगणार आहे," तो म्हणाला. "फाटा मी भरला म्हणून."

"त्यात काय नवीन? सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर सत्कार..." तिचा हात थांबला. ती झटपट होती. समजायलाही झटपट. "मोकळा करतील तो?"

"करतील."

"म्हणजे हे घर."

त्याने फरशीकडे बघितलं.

"बाबा, तुम्ही टाच आपटून सांगितलं होतंत."

"हो."

"मी ह्यांना काय सांगू? माझे वडील म्हणाले म्हणून घेतलं आणि माझे वडील म्हणाले म्हणून गेलं?"

"काय सांगावं ते मला कळत नाही, बाळ."

"मग मला येऊन का सांगताय? मी हो म्हणावं म्हणून? मी नाही म्हणणार."

"नको म्हणूस."

तिने घडी केलेला टॉवेल उलगडला आणि पुन्हा घडी करायला घेतला. "मास्तरकाकांनी भरीला घातलं का?"

"तो तर उलट नाही म्हणाला तिला. तोंडावर. फाटा नव्हताच म्हणाला."

"का?"

"तुझं घर नुकतं लागलंय म्हणाला."

लेकीने टॉवेल ओट्यावर ठेवला. बाहेरच्या खोलीत म्हातारी खोकत होती. लेक हळू आवाजात बोलली, त्या माणसांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"काय माणसं आहात तुम्ही दोघं. एकानं मला पाण्याच्या वाटेवर घर बघून दिलं. दुसरा माझ्यासाठी स्वतःचं घर सोडून देतोय. मला विचारलं कोणी? त्यांची शिलाई मी पैसे देऊन नेत होते बाबा, घर असं फुकट कसं घेऊ? आणि सोडू तरी कसं?" ती थांबली. "तुम्ही जा आता."

"पोरी..."

"जा म्हटलं ना. माणसं आहेत घरात."

तो आला तसा बाहेर पडला. जिन्यावरचा शेजारी आता काही बोलला नाही. त्याने ऐकलं असेल किंवा नसेल.

इंजिनिअर मुलगी शाळेच्या एका वर्गात बसत असे. फळ्यावर अजून कोणाच्या तरी बेरजा होत्या. रोलर लहान पोरांच्या बाकावर बसला. गुडघे वर आले. त्याने सांगायला सुरुवात केली आणि ती मधे काही बोलली नाही. रस्ता कधी रुंद झाला, माल कुठून आला, तोंडापासून कसा भरत नेला. ठेकेदाराने सांगितलं, हेही त्याने सांगितलं. मग म्हणाला, "पण दाबलं मी. ते कोणी सांगितलं नव्हतं. नुसतं ओतलं असतं तर पाण्यानं एखाद्या पुरात वाट काढली असती. मी चांगलं काम केलं."

तिने पेन खाली ठेवलं.

"तुम्ही ती बाकीची कारणं सांगितलीत ना," तो म्हणाला. "डोंगर, धरण. त्यात माझा हिस्सा किती धरायचा?"

"असा हिस्सा काढता येत नाही, काका."

"अंदाजे?"

तिला त्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलायचं असावं. "वरचं सगळं जसं आहे तसं राहिलं असतं आणि फाटा असता," ती शेवटी म्हणाली, "तर गल्लीत पाणी आलं असतं. पायरीपर्यंत. दुकानात नाही."

त्याने मान हलवली. मास्तरच्या दुकानाची पायरी त्याच्या डोळ्यांपुढे आली. नुसती पायरी. ओली.

ती त्याला घेऊन फाट्याच्या वरच्या तोंडाशी गेली. भर दुपार होती. दोन मजुरांनी पहार मारून बघितली. पहार खणखण वाजली आणि उडाली. दुसऱ्या जागी, पुन्हा तेच. "काय मेल्यानं भरलंय," एक मजूर म्हणाला. मुलीने रोलरकडे बघितलं नाही. रोलर पुढे झाला आणि हाताने दाखवू लागला. इथून इथवर तोंड. मग असं वळण. मग इकडून.

इकडून म्हणजे इमारतींच्या मधून. सज्जांत माणसं उभी राहिली. आधी दोन-चार, मग सगळ्या मजल्यांवर. कोणी काही विचारलं नाही. हा माणूस हात लांब करून काय दाखवतोय, ते त्यांना दिसत होतं. लेकीच्या दाराशी तो आला. दार उघडं होतं. जावई आत पाठमोरा उभा होता. लेक उंबऱ्यात होती. रोलरने तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हात खाली आला असता. "इथं खोल होतं," तो मुलीला म्हणाला. "सगळ्यात जास्त खेपा इथं लागल्या." तो पुढे निघाला. मागून दार लावल्याचा आवाज आला. जोरात नाही.

घरी आला तेव्हा बाकडं रिकामं होतं. मास्तरचं बोचकं नव्हतं. लांब बाह्या कापून आखूड केलेला सदरा व्यवस्थित दुमडून खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला होता.

"बातमी तुमच्या आधी आली," बायको म्हणाली. "ऐकलं आणि उठले. म्हणाले, पोरीला उघड्यावर आणून मला घर मिळवून देणारा मित्र नको. दुकानात झोपतो म्हणाले."

"तिथं गाळ आहे अजून."

"मी म्हटलं तसं. म्हणाले, वहिनी, गाळाशी माझं भांडण नाही."

रोलर दुकानापर्यंत गेला. शटर खाली होतं. आतून खरवडल्याचा आवाज येत होता, पत्र्यावर पत्रा. त्याने शटरवर हात ठेवला. वाजवलं नाही. आवाज थांबला. आतला माणूस ऐकत होता आणि बाहेरचा उभा होता. मग आत पुन्हा खरवडणं सुरू झालं.

बैठकीत गल्लीची रेषा तूर्त थांबवली. फाट्याची मोजणी करायची ठरलं. किती मोकळा करायचा, कोणत्या इमारती जातील, कोणत्या राहतील, ते मोजणीनंतर. लेकीची इमारत मधोमध होती. कोणी खात्री देईना, ना जाईल याची, ना राहील याची. गल्लीतले काही लोक रस्त्यात रोलरचा हात हातात घेऊन गेले. त्याला तो हात कुठं ठेवावा ते कळेना. इमारतीतले लोक पलीकडच्या बाजूने जायचे.

मोजणीच्या दिवशी सकाळी तो निघाला.

"कुठं?" बायकोने विचारलं.

"फाट्याचं खालचं तोंड दाखवायचं राहिलंय. मोजणीवाले आलेत."

"चार घास खाऊन जा."

"आल्यावर."

"पोरीच्या दारावरून जाणार ना?"

"तिथूनच रस्ता आहे."

बायको आत गेली. झाकण लावल्याचा आवाज आला. डबा फडक्यात बांधून तिने त्याच्यापुढे धरला. "तिला आवडतं ते केलंय. दे."

"नाही घेतला तर?"

"तर दाराशी ठेवून या. आणि येताना शटरवर थाप मारा जरा. त्यांच्यासाठी वेगळा काढून ठेवलाय, म्हणावं, न्यायला स्वतः या."

त्याने डबा हातात घेतला. गरम होता. फडक्याची गाठ दुसऱ्या हाताने सावरत तो पायऱ्या उतरला.